चार नंबरचा मामा

३ नोव्हेंबर

आज सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी मी मामा झालो. त्याच्याआधी मी कोण होतो ते सांगण्यासारखं नाही. कॉलेज अर्धवट सोडलेला, घरात बसून आईचं डोकं खाणारा, दारं आपटणारा. बस.

ताईला सातवा महिना नुकता लागला होता. काल प्रेशर वाढतच गेलं, डोळ्यांपुढे काजवे, आज पहाटे झटका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबलो तर दोन्ही जीव जातील." पोट कापून बाळ काढलं. मुलगी. नऊशे चाळीस ग्रॅम!

ताई वरच्या मजल्यावर आयसीयूत. आई तिच्यापाशी. मुलगी खालच्या मजल्यावर, फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या खोलीत, चार नंबरच्या काचपेटीत. आणि दाजी — ताईचा नवरा — जिन्यात. वर नाही की खाली नाही. दोन्ही हात खिशात घालून अख्खा दिवस जिन्यात उभा! खिसेबहाद्दर. दोन वर्षं मी त्याला तेच म्हणतोय, उगीच नाही.

४ नोव्हेंबर

पाहिली!

तिचा पंजा माझ्या अंगठ्याच्या नखावर मावेल. नाकात नळी, छातीवर चिकटपट्ट्या, डोक्यावर मोज्याएवढी टोपी. कातडी इतकी पातळ की आतला सगळा कारखाना चालू दिसतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "ही तर पावशेर!"

मोठ्या सिस्टर तिथेच होत्या. या खोलीच्या त्या मुख्य. आवाज कधी चढत नाही, तरी सगळे टरकून असतात. म्हणाल्या, "पावशेर कसली? किलोला साठच कमी आहे. नीट बोला, तिला ऐकू येतं."

बाहेर पडलो आणि दार आपटलं. मुद्दाम नाही — माझ्या हातून दार आपटतंच. कॉलेजही असंच सुटलं. सरांनी सगळ्यांसमोर माझी वही फेकली, मी त्यांच्या खोलीचं दार असं आपटलं की वरची काच खाली आली. माफी मागायला लावत होते. मागितली नाही.

पण इथे! सहा पेट्यांतली सहाच्या सहा बाळं दचकली. काचेतून दिसलं मला. सगळ्यांनी हात वर फेकले, वरून कुणी टाकून दिल्यासारखे. तीन यंत्रं कोकलायला लागली. मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझा हात धरून दारावर ठेवला. "एक हात मुठीवर, एक फळीवर. खटका वाजला तर परत उघडायचं, परत लावायचं." सात वेळा लावायला लावलं. सातव्यांदा म्हणाल्या, "जमेल."

५ नोव्हेंबर

ताईने डोळे उघडले. पहिला प्रश्न — "आहे?" मी म्हणालो, "आहे! आणि तुझ्यावर गेलीय, कपाळाला आठी आहे." हसली. मग परत झोपली.

आजपासून मी दूधवाला. वरच्या सिस्टरनी ताईचं दूध काढलं — दोन मिली. अर्धा चमचासुद्धा नाही. बारीकशा सिरिंजमध्ये भरून माझ्या हातात दिलं. प्रयोगशाळेत पाच काचनळ्या फोडलेला माणूस मी! जिन्याने उतरलो, एकेक पायरी, श्वास धरून. मध्ये दाजी. "सरका!" म्हणालो. भिंतीला चिकटला. सिरिंजकडे बघत राहिला, पण हात काही खिशातून निघाले नाहीत.

७ नोव्हेंबर

इथे कुणाला नाव नाही. पेटीच्या नंबरावरून हाक मारतात. मी चार नंबरचा मामा.

आणि ती दोन नंबरची मावशी. बाहेरच्या बाकावर जाडजूड पुस्तक घेऊन बसते. केसांत पेन्सिल खोचलेली असते आणि तीच पेन्सिल ती इकडेतिकडे शोधत असते. आज मान वर करून म्हणाली, "दार आपटणारे ते तुम्हीच ना?"

मेलो. ठार मेलो!

९ नोव्हेंबर

पावशेर श्वास विसरते. खरंच विसरते! डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर आलेल्या बाळांच्या मेंदूला श्वास घेत राहायची सवय नसते. घेता घेता मध्येच थांबतात. यंत्र ओरडतं, सिस्टर पेटीच्या खिडकीतून हात घालून तळव्याला टिचकी मारतात, की ही "अरे हो" म्हटल्यासारखी परत सुरू. औषध चालू आहे. तरी काल अकरा वेळा विसरली. पेटीला लावलेल्या कागदावर अकरा रेघा.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हिला छाती पाहिजे." म्हणजे कांगारूसारखं करायचं — बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायचं. छातीचा भाता वरखाली होतो, त्याने बाळाला आपल्या श्वासाची आठवण राहते. ताईला इतक्यात खाली आणता येत नाही. आईला खोकला, आणि सर्दी-खोकलावाल्याला इथे उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. राहिला बाप.

दाजी म्हणाला, "मला नाही जमणार." एवढंच. आणि जिन्यात गेला!

"मी बसतो," मी म्हणालो. मोठ्या सिस्टरनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हाला दोन तास गप्प बसता येतं?"

"कधी बसलो नाही. बसेन."

१० नोव्हेंबर

आंघोळ. नखं कापली. अंगठी काढली. वर ढगळ झगा, पुढून उघडा. रेलायची खुर्ची. मोठ्या सिस्टरनी तिला नळ्यांसकट उचललं आणि माझ्या छातीवर ठेवलं.

काय लिहू?

ओल्या पिसाएवढी. पण गरम! आधी बेडकासारखी आखडली, मग एकेक अवयव सोडत गेली. माझं हृदय इतकं धाडधाड वाजत होतं की मला वाटलं, झोपमोड होणार हिची. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "वाजू दे. नऊ महिने तेच ऐकायचं होतं तिला, अर्ध्यावरच बाहेर आली."

माझ्यासारखीच. अर्धवट सोडून आलेली! हे मनातच म्हणालो.

दोन तासांत एकदाही विसरली नाही. एकदाही! दिवसाच्या रेघा फक्त पाच.

१२ नोव्हेंबर

रेघा चार. दूध सहा मिली. दोन नंबरची मावशी म्हणाली, "तुमचा चेहरा आत गेल्यावर वेगळाच होतो." वेगळा म्हणजे कसा, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. गाढव आहे मी.

१५ नोव्हेंबर

आज माझ्या मूर्खपणाची कमाल झाली.

सकाळी निघताना अंगावर सेंट मारला. नव्या शर्टावर, मानेला, थोडा छातीवरही. कुणासाठी ते लिहायला नको. बाकावरून जाताना मावशीने पुस्तकातून मान वर केली, म्हणजे तेवढं तरी साधलं.

आतल्या दारात मोठ्या सिस्टरनी नाक फेंदारलं. "मागे फिरा."

"का?"

"त्यांच्या श्वासनळ्या धाग्याएवढ्या असतात. हा वास आत गेला तर खोकताही येणार नाही तिला. आणि मामा, तिला तुमचा वास पाठ झालाय. आज तुम्ही तिला परके."

तीनदा साबण लावला. छाती लाल होईस्तोवर घासली. जात नाही! मग जिन्यात गेलो. "दाजी, आजचा दिवस तुम्ही बसा. दोनच तास. नुसतं बसायचंय."

"नको रे. मला नाही जमणार."

पावशेर दिवसभर पेटीत एकटी. रेघा नऊ. शेवटच्या वेळी नुसत्या टिचकीने भागेना, फुगा दाबून वारा द्यावा लागला. काळीनिळी झाली होती. मी काचेच्या बाहेर उभा, अंगाला फुलांचा वास मारत!

बाहेर आलो तर दाजी समोर. माझा राग स्वतःवर होता, निघाला त्याच्यावर. सगळ्या बाकांसमोर ओरडलो, "बाप आहात की पाहुणे? तुमची पोरगी आत श्वास विसरतेय, आणि तुम्ही खिशात हात घालून गंमत बघताय? हात कशाला दिलेत देवाने?"

दाजीने हात खिशात आणखी खोल घातले आणि जिना उतरून गेला.

मावशीने पुस्तक मिटलं. माझ्याकडे बघितलं नाही.

१६ नोव्हेंबर

आईने मला वर बोलावून बाहेरच्या गॅलरीत नेलं. लहानपणी थोबाडीत मारताना करायची तसा चेहरा. पण मारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ताईचं पहिलं गेलं तेव्हा मी हॉस्टेलवर होतो. परीक्षा होती. मला सांगितलं होतं, "पडलं." मीही पुढे काही विचारलं नाही.

आई म्हणाली, "पडलं नव्हतं रे. झाला होता. मुलगा. सहावा महिना. चाळीस मिनिटं होता. डॉक्टर म्हणाले, आता यंत्राचा उपयोग नाही, जवळ घ्या. ताई शुद्धीवर नव्हती. जावईबापूंनीच घेतला. ओंजळीत. ओंजळीतच गार पडला. सिस्टरनी मागितला तरी देईनात. गार झालाय, जरा गरम होऊ दे, म्हणत होते."

मग तिला खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळत राहिलो.

"त्यानंतर लहान काही हातात घेत नाहीत. शेजारचं पोर पायाशी आलं तरी हात खिशात."

खिसेबहाद्दर! दोन वर्षं मी सगळ्यांत हे म्हणत आलो, आणि ते हसत आले.

१७ नोव्हेंबर

जिन्यात गेलो. माफी तोंडातून निघेना. कॉलेजात नव्हती निघत तेव्हा ती माजोरी होती, आज घशातच अडकली. शेवटी म्हणालो, "चहा?"

"घेऊ," दाजी म्हणाले.

त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला. मला बघवेना. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी विचारलं — तिच्याबद्दलचा पहिलाच प्रश्न — "अंगाला गरम लागते का रे ती?"

"भाजते!" मी म्हणालो.

मान हलवली. परत हात खिशात.

१८ नोव्हेंबर

पावशेर किलोची झाली! एक हजार दहा. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आता नाव बदला." मी म्हणालो, "नाही."

दोन नंबर घरी गेला. मावशी बाळाची पिशवी, टोपी, पुस्तक सगळं सांभाळत निघाली, आणि पेन्सिल केसांत. मी सांगितलं, "केसांत आहे." हसली. मग उभी राहून म्हणाली, "एक सांगू? तुम्ही आत बसता तेव्हा तुमची पाठ काचेकडे असते. तुम्हाला दिसत नाही. तुमचे दाजी रोज येऊन उभे राहतात. तुम्ही उठायच्या जरा आधी जातात. एक दिवस चुकला नाही."

पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा तुकडा फाडून नंबर दिला. "चार नंबर घरी गेली की कळवा. आणि ओरडू नका हो लोकांवर."

नाचायला हवं होतं मी. नाचलो नाही. काचेपाशी गेलो. काचेवर, माझ्या नाकाच्या उंचीला, श्वासाचा धुरकट गोल होता. पुसला नव्हता कुणी.

१९ नोव्हेंबर

मोठ्या सिस्टरना विचारलं, "दाजींना सांगून बघता?"

"दोनदा सांगितलं. हे सांगून होत नाही. अंगावर आलं की होतं. पण तुमची छाती हजर असताना ते कशाला पुढे येतील?"

ताईला खाली आणायला अजून चार-पाच दिवस लागतील. आज पावशेर माझ्या छातीवर झोपेत हसली. वाऱ्याने हसतात म्हणे. म्हणोत! अडीच तास बसलो. सिस्टर उठा म्हणाल्या तरी उठलो नाही. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली बरोब्बर बसतं. जागा झालीय तिथे.

२० नोव्हेंबर

दाजींना बळेबळे दारापर्यंत आणलं, "दुधाचं काहीतरी विचारायचंय" म्हणून. मोठ्या सिस्टर झगा घेऊन उभ्या. पेटी उघडलेली. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो आणि शिंकलो. वाईट शिंक. नाटकात शोभली नसती.

"सर्दी झालीय, सिस्टर."

त्यांनी माझं कोरडं नाक बघितलं. "कधीपासून?"

"आत्तापासून."

"सर्दी म्हणजे पाच दिवस आत पाऊल नाही. माहितीय?"

"माहितीय."

त्यांनी मग झगा दाजींपुढे धरला. "चार नंबरचे वडील, शर्ट काढा."

"आज राहू दे की—"

"राहू द्यायला ती काय फाईल आहे? आज कुणी नाही तिला. चला."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी परत शिंकलो.

त्यांना खुर्चीत बसवलं. तिला छातीवर ठेवलं. ती आखडली, मग सुटली. दाजींचे हात मात्र हवेतच, तिच्या पाठीपासून वीतभर वर. किती वेळ! मग आले खाली. दोन्ही. ती पूर्ण झाकली गेली, नुसती टोपी दिसत होती.

"गरम आहे," दाजी म्हणाले. कुणालाच नाही. परत म्हणाले, "गरम आहे गं."

यंत्रावरचा आकडा जराही घसरला नाही.

"सर्दीवाले बाहेर," मोठ्या सिस्टर हळूच म्हणाल्या, आणि स्वतःचंच नाक पुसलं.

मी निघालो. एक हात मुठीवर, एक फळीवर. दार लावलं. खटका वाजला नाही.