चार वेगवान आणि एक मेहुणा

मी, निवृत्त डावखुरा फिरकी गोलंदाज, वय एकाहत्तर, गुडघे सोडून बाकी सर्व शाबूत असताना आणि कोणीही भरीस घातले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. पूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीला. तिने घर भावाच्या नावे करू नये. भाऊ तिचा आहे, त्याला इलाज नाही; घर मात्र माझे आहे.

२. हा भाऊ आमचा कर्णधार होता. मालिका बरोबरीत, शेवटची कसोटी उरलेली. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी खेळपट्टी पाहिली. गवताखालच्या भेगांत माझे बोट जात होते. तरी सकाळी नाश्त्याला, सगळ्यांदेखत, तो म्हणाला, "भावोजी, आज चार वेगवान खेळवतोय. गवत आहे."

"गवत उपाहारापर्यंत टिकेल. सामना पाच दिवसांचा आहे."

"तुम्हाला घेतलं तर लोक म्हणतील, बहिणीचा नवरा म्हणून घेतला."

म्हणजे गोलंदाज निवडताना हा खेळपट्टीकडे नव्हे, लोकांच्या तोंडाकडे बघत होता. शेवटच्या दिवशी चारही वेगवान धापा टाकू लागले. नाइलाजाने त्याने सलामीच्या फलंदाजाला चेंडू दिला, तर त्याचासुद्धा हातभर वळला. तोवर उशीर झाला होता. समोरच्या शेवटच्या जोडीने हसतखेळत धावा काढल्या. मला पुन्हा बोलावणे आले नाही. याने पत्रकारांना सांगितले, "खेळपट्टीने दगा दिला." खेळपट्टीला बोलता येत नाही, म्हणून हा आजही टीव्हीवर बोलतो.

३. माझे बूट आणि अंगणातली सरावाची जाळी त्याच्या मुलीला. बापाने तिला वेगवान करायचा घाट घातला होता. पोरगी शहाणी निघाली, फिरकी शिकायला माझ्याकडे आली.

४. मेहुण्याला काही नाही. गेल्या महिन्यात इस्पितळात उशाशी बसून म्हणाला, "भावोजी, भ्यालो होतो मी तेव्हा." मी म्हटले, "ते मला तेव्हाच दिसलं होतं. चारचौघांत बोल." तो सफरचंद सोलत राहिला.

५. वकीलबाई सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तेव्हा पहिला साक्षीदार तोच असावा. सहीआधी त्याने हे सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

स्थळ: घराची मागची खोली
दिनांक: १४ मार्च
सही: (डाव्या हाताने)

साक्षीदार:
१. मेहुणा, माजी कर्णधार. वाचले. खरे आहे.
२. शेजारचे दंतवैद्य. वाचन ऐकले. पहिल्या "भावोजी"पाशी कर्णधार अडले. मग शेवटपर्यंत वाचले.