सोमवारचा पाईप

मी, खाली सही करणार वीरप्पा महांतप्पा तोडकरी, वय शहात्तर, धंदा पूर्वी घड्याळ दुरुस्ती, आता काही नाही, राहणार अणदूर, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव (माझ्या सगळ्या जुन्या कागदांवर उस्मानाबाद आहे, दोन्ही एकच समजावे), माझ्या पश्चात काय व्हावे ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी तंबाखू सोडा म्हणून पुन्हा सांगितलं आणि मी ते पुन्हा ऐकलं नाही, यावरूनही माझी बुद्धी पूर्वीसारखीच असल्याचं दिसून येईल. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला या घरात माणूस उरलेला नाही.

१. यापूर्वी सन २००४ साली मी एक मृत्युपत्र केले होते, ते या लेखाने रद्द करतो. त्यात माझा मुलगा शरणप्पा यास 'खोटारडा व चोर' असे लिहून मी वारसांतून वगळले होते. ते दोन्ही शब्द मागे घेतो. का, ते आठव्या कलमात लिहिले आहे. वकील वसंतराव म्हणाले की कायद्याला कारण लागत नाही. कायद्याला लागत नसेल, मला लागतं.

२. अणदूर येथील राहते घर, मागची पडवी व परसासह, शरणप्पा यास द्यावे. त्याला ते नको असेल, हे मी जाणून आहे. चोवीस वर्षांत तो या घरात एकदाच आला, आई गेली तेव्हा, आणि पाणीही न पिता गेला. घर त्याने विकावे, भाड्याने द्यावे, कुलूप लावून ठेवावे. फक्त पडवीतला जुना लाकडी बाक कोणाला देऊ नये. कारण आठव्या कलमातच आहे.

३. दुकानातली हत्यारे, म्हणजे चिमटे, बारीक कानशी, डोळ्याला लावायचे भिंग व पॉलिशचे चाक, हीही शरणप्पालाच द्यावीत. तो हुबळीला पाण्याच्या मोटारींत तांब्याची तार भरतो. चिमट्याची किंमत त्याला कळेल. ही हत्यारे मी तीस वर्षं घड्याळांसाठी कमी आणि पायपांसाठी जास्त वापरली, असं गावात बोललं जातं आणि ते खरं आहे. मनगटावरचं घड्याळ गेलं, मोबाईल आला, तेव्हा गिऱ्हाईक उठून गेलं. पाईप तेवढे राहिले.

४. धाकटा भाऊ शंभुलिंग यास काही देत नाही. आमचे वडील वारले तेव्हा पंचांसमोर त्याने विचारलं होतं, गळ्यात लिंग आणि तोंडात आग, असा माणूस देवघर कसं सांभाळणार? देवघर त्याच्याकडे गेलं. ते मी सोडून दिलं असतं. पण मागच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केल्यावर शाई वाळायच्या आत तो पारावर गेला आणि माझ्या मुलाबद्दल मी लिहिलेले दोन शब्द त्याने सगळ्या गावाला वाटले. शब्द माझे होते, हे कबूल. वाटायला मी सांगितलं नव्हतं. या वेळी साक्षीदारांना मजकूर वाचू देणार नाही, फक्त माझी सही बघू देणार. तेवढं कायद्याला पुरतं.

५. बँकेतली ठेव मुलगी महेश्वरी, राहणार लातूर, हिला द्यावी. तिने माझी सेवा केली आहे. तिने मला दोषही दिला आहे. उमाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, शेवटी दमा धरला. डॉक्टरांनी घरात कोण ओढतं विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. महेश्वरीने तर दवाखान्याच्या दारातच सांगितलं की अव्वाला तुमच्या धुरानं नेलं. मी मान खाली घातली. साडेतीन वर्षं ती खालीच आहे.

६. माझ्या संग्रहात एकूण एकतीस पाईप आहेत, सगळे ब्रायरचे. ब्रायर हे समुद्रापलीकडच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ. ती आगीला लवकर दाद देत नाही, म्हणून तिचा पाईप शंभर वर्षं टिकतो. माझ्याकडचे बहुतेक पाईप हैदराबादच्या जुन्या बाजारातून आलेले आहेत. कोणा साहेबाचे, कोणा जहागीरदाराचे, मेलेल्या माणसांचे. यांपैकी तीन पाईप तडकलेले आहेत, ते महेश्वरीला द्यावेत. माझ्या सत्तरीला तिने मला आनंद व्हावा म्हणून ते भांड्याच्या पावडरीने घासले, उकळत्या पाण्यात घातले आणि गच्चीवर उन्हात वाळत टाकले. आतला काजळीचा थर, जो एका माणसाने वर्षानुवर्षं ओढून बसवलेला असतो, तो तिला घाण वाटला. मी तेव्हा काही बोललो नाही. एका लेकराला पायपापायी घालवून बसलो होतो, दुसऱ्याला काय बोलणार?

७. सात पायपांची चामडी पेटी ही माझ्याजवळची सर्वांत मोलाची वस्तू. आठवड्याचे सात वार, सात पाईप, प्रत्येकाच्या चांदीच्या पट्टीवर इंग्रजीत वाराचं नाव. पाईप एक दिवस ओढला की त्याला सहा दिवस विश्रांती, यासाठी अशी पेटी. सन १९८३ साली ती घेऊन आलो तेव्हा उमाबाईने पेटीकडे पाहिलं आणि एकच अट घातली. सोमवार महादेवाचा. त्या दिवशी तंबाखू तोंडाला लावायची नाही. मी लिंगाची आण घेतली. शेवटपर्यंत पाळली. दर सोमवारी दुकान बंद ठेवून पट्टे, काचा आणायला मी सोलापूरला जायचो, संध्याकाळच्या एसटीने परतायचो आणि कोरड्या तोंडाने जेवायचो. सोमवारचा पाईप कोराच राहिला. आलेल्या माणसाला मी तो शेवटी दाखवायचो. आतून पांढरट, कोरं लाकूड. लोक माझ्या पायपांपेक्षा माझ्या नेमाचं कौतुक करायचे, आणि मला ते आवडायचं.

यातले मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार असे पाच व इतर सर्व पाईप शरणप्पाने विकून टाकावेत. तो ओढत नाही. त्याने कधीच ओढलेलं नाही. गुरुवारचा पाईप आणि कपाटातला तंबाखूचा भरलेला डबा शेजारीण गंगम्मा हिला द्यावा. तिने यापुढे लपून ओढू नये.

८. आता सोमवारचा पाईप.

सन २००१ च्या श्रावणात सोलापूरचे एक गृहस्थ माझी पेटी बघायला घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात आले. तीन-चार वर्षांत पेटी बघायला कोणी आलं नव्हतं, त्यामुळे सोमवारचा पाईपही बाहेर निघाला नव्हता. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी रंगात आलो होतो. पायपाची दांडी कडक रबराची असते, तिच्यावर ओढणाऱ्याचे दात उमटतात. त्या खुणा भिंगातून पाहून मी माणूस सांगायचो. हा डावीकडे धरायचा, याची दाढ पडलेली होती, हा रागीट, दांडी चावायचा. पाहुण्यांना मी एकेक करून सहा पाईप वाचून दाखवले. मग म्हटलं, आता हा सोमवारचा बघा, अठरा वर्षं कोरा. आणि त्यांच्या हातात दिला.

त्यांनी आत पाहिलं आणि हसून मला परत दिला. आत काळा थर होता, चांगला बसलेला.

शरणप्पा तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजातून येऊन समोरच बसला होता. घरात ओढणारं दुसरं कोण? मी उठलो आणि त्या चार गिऱ्हाइकांसमोर, पाहुण्यांसमोर, त्याच्या थोबाडीत मारली. तो म्हणाला, "आप्पा, म्या वढला न्हाय." मी विचारलं, मग कोणी? मी आणखी मारली. त्याने पुन्हा तेच सांगितलं, तेवढंच. उमाबाई आतल्या दारात उभी होती. मी म्हटलं, खोटं बोलणाऱ्याला या घरात ताट नाही. तिने ऐकलं. तिसऱ्या दिवशी पोरगा हुबळीच्या गाडीत बसला. तिने त्याला भाकऱ्या बांधून दिल्या आणि तोंडातून अक्षर काढलं नाही.

पाईप मी पेटीत ठेवला आणि पुन्हा कधी त्याला हात लावला नाही. सगळ्या जगाच्या दांड्या वाचणाऱ्या मी ती एक दांडी वाचली नाही. राग होता, आणि उत्तर मला आधीच माहीत होतं.

गेल्या महिन्यात या मृत्युपत्रासाठी वस्तूंची यादी करताना तो पाईप प्रथमच बाहेर काढला. सवयीने भिंग डोळ्याला लावलं. दांडीच्या वरच्या बाजूला एक दात खोल उमटला आहे आणि त्याच्या डाव्या अंगाला अर्धाच. अर्धा दात कोणाचा होता, ते मला भिंगाशिवायही माहीत आहे. लग्नाच्या चौथ्या वर्षी हातपंपाचा दांडा उसळून उमाबाईच्या पुढच्या दाताचा तुकडा पडला. तेव्हापासून ती पदर तोंडाला लावून हसायची. बेचाळीस वर्षं मी ते हसणं बघितलं होतं.

तरी खात्री करावी म्हणून गंगम्माकडे गेलो. शेंगा फोडत बसली होती. हातातलं काम न सोडता तिने सांगितलं, "व्हय अण्णा, वढायची. सोमवारी तुमी सोलापूरला गेलाव की मागल्या पडवीत बाकावर बसायचो आमी दोघी. म्या बी वढलेय, खोटं कशाला बोलू?"

मी शरणप्पाचं विचारलं. तेव्हा तिचे हात थांबले. "त्यानं एकदा बघितलं हुतं. आईला म्हनला, आप्पाला सांगत न्हाय."

आणि उमाबाईने का सांगितलं नाही, हे विचारलं तर गंगम्मा म्हणाली, "आधी तुमाला भ्याली. पुढं मग म्हनायची, आता कोणत्या तोंडानं सांगू?"

महादेवाचं नाव घेऊन माझ्याकडून तिने सोमवार काढून घेतला आणि स्वतःला ठेवला, याचा मला राग नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग आहे. पण तो पायपाचा नाही. मागितला असता तर मी तिला बुधवारचाही दिला असता. (दिला असता का? आज म्हणतो. तेव्हाचं सांगता येत नाही.) राग आहे तो दारात उभी राहिल्याचा. पोटचं पोर तिच्यासाठी मार खात होतं आणि ती बघत राहिली.

आणखी एक लिहून ठेवतो, कारण मी या विषयातला जाणकार आहे. तिने बसवलेला थर माझ्या सहाही पायपांपेक्षा चांगला आहे. पातळ, एकसारखा, कडा कुठे जळलेली नाही. शांतपणे, सुखाने ओढणाऱ्याचाच असा बसतो. माझ्याशेजारी बसून तिने आयुष्यात काहीही इतक्या सुखाने केलेलं मी पाहिलेलं नाही.

त्याच आठवड्यात शरणप्पाला फोन केला. नंबर महेश्वरीकडून घ्यावा लागला. मी सगळं सांगितलं. मागे मोटारीचा आवाज येत होता. मग म्हणाला, "मला ठावं हाय, आप्पा. अव्वाचं नाव कागदात घालू नगा." आणि फोन ठेवला.

मी घातलं. तिचं नाव लिहिल्याशिवाय त्याचं नाव धुऊन निघत नाही, आणि ते माझ्या हातानेच काळं झालेलं आहे.

९. आमच्या रिवाजाप्रमाणे मला बसवून शेतात पुरावे. जागा उमाबाईच्या शेजारचीच असावी. ती दुसरीकडे असावी असं मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं आणि ते पान फाडून टाकलं. शरणप्पा आईला माती द्यायला आला होता. शेजारीच खड्डा असला, तर तिच्याकडे येईल तेव्हा माझ्याकडेही बघेल. पाईप सोबत ठेवू नये.

१०. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून शरणप्पा यास नेमतो. हे पाकीट वसंतरावांनी त्याच्याच हातात द्यावे आणि त्यानेच ते उघडावे. सोमवारचा पाईप व पडवीतला बाक त्याचा. आठवं कलम पारावर मोठ्याने वाचावं, शंभुलिंगाला समोर बसवून वाचावं, अशी माझी फार इच्छा आहे. पण आईचं झाकायचं की स्वतःचा निर्दोषपणा उघड करायचा, हे त्यानेच ठरवावे. त्याने वाचले नाही तर कोणी त्याला विचारू नये. एकोणिसाव्या वर्षी त्याने एकदा ठरवलेलं आहे आणि ते मला चोवीस वर्षांनी कळलं.

मी त्याला चारचौघांत मारलं आणि माफी बंद पाकिटातून मागतो आहे. ही बरोबरी होत नाही. फोनवर मागायची होती, त्याने ठेवला तोवर माझ्या तोंडातून शब्द आला नव्हता.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, तो खरा आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे.

सही: वीरप्पा महांतप्पा तोडकरी

आमच्यासमक्ष सही केली, मजकूर आम्ही वाचलेला नाही:
१. गुंडप्पा शिवलिंगप्पा कोरे, अणदूर
२. बंडप्पा रेवणसिद्धप्पा माळगे, अणदूर

ठिकाण: अणदूर, घराची मागची पडवी
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५, सोमवार. आज मी ओढलेलं नाही.