नळीची ओल

१२ नोव्हेंबर

उंच्याकाका गेले. सकाळी काचेच्या भट्टीवर आले, नळी हातात घेतली, बाटली फुंकायला लागले — आणि खोकल्याची उबळ आली ती थांबलीच नाही. बाबा शेजारीच होते. म्हणाले, "बाटली नळीवरच थंड झाली."

बाबांच्या टोळीतले ते दुसरे. उन्हाळ्यात एकजण असाच गेला.

जेवताना बाबा खोकले. आईने तांब्या पुढे सरकवला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

१३ नोव्हेंबर

उंच्याकाकांना पोचवून सगळे आमच्या ओट्यावर बसले होते. मुकादम म्हणाले, "हा थंडोबा आल्यापासून साडेसाती मागे लागलीय. माणसं खोकून मरतायत आणि हा बघा, ठणठणीत!"

थंडोबा म्हणजे आमच्या मागच्या खोलीतला भाडेकरू. भट्टीतून वितळलेली काच नळीच्या टोकावर काढून द्यायचं काम त्याचं. भट्टीच्या तोंडाशी दिवसभर उभा राहूनही त्याला घाम येत नाही, म्हणून दादाने हे नाव ठेवलं. "ह्याच्या काखेत बर्फ ठेवला तरी वितळायचा नाही!" तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. आज कोणी हसलं नाही.

उंच्याकाकांच्या जागी आता दादा उभा राहणार. त्याच नळीवर.

थंडोबा कोण आहे ते मला माहीत आहे. इथेसुद्धा लिहायला हात धजत नाही.

१५ नोव्हेंबर

लिहितेच. वहीपासूनही लपवायचं तर मग लिहायला शिकले कशाला?

चांगल्या मनाने नाही, चक्क भांडायला म्हणून गेले होते मी त्याच्या खोलीत. आईने वाढलेलं ताट तो खिडकीतून कुत्र्याला घालताना मी पाहिलं होतं. एक वेळ नव्हे, रोज! आई स्वतः कमी खाऊन भाडेकरूला वाढते, आणि हा! तावातावाने बोलले. त्याने सबब सांगितली नाही. माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला.

ठोका नव्हता. डबीत माशी अडकावी तशी बारीक घरघर होती.

"मी माणूस नाही, ताई. मला घडवलंय. अजून न उजाडलेल्या वर्षांत. इथे पाठवताना काहीतरी बिघडलं आणि परतीची वाट बंद झाली. मला अन्न नाही लागत, ऊब लागते. म्हणून भट्टीवर काम धरलं."

मी पळाले नाही. का, ते मलाही कळत नाही. विचारलं एवढंच, की घरी सांगू का. म्हणाला, "खोटं बोला असं मी तुम्हाला कधी सांगणार नाही. पण कोणी विचारलं नाही, तर आपणहून सांगायलाच हवं असंही नाही."

तेव्हापासून कोणी विचारू नये म्हणून जीव मुठीत धरून बसले आहे.

१८ नोव्हेंबर

आज माझ्या हातून फार वाईट झालं.

डबे घेऊन भट्टीवर गेले तेव्हा थंडोबा टोळीला समजावत होता. आमच्याकडे एका टोळीला एकच नळी. एकाने फुंकून फुगा काढायचा, नळी पुढच्याकडे द्यायची, त्याने तो साच्यात भरायचा, तिसऱ्याने शेवटची फुंक मारायची. दिवसभर नळी या तोंडातून त्या तोंडात. तो म्हणत होता, खोकला ह्या नळीतूनच जातो. थुंकीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात.

"म्हणजे आमची तोंडं घाण?" बाबा.

"आम्ही एकमेकांचं उष्टं तोंडाला लावतो म्हणून सख्ख्या भावांसारखे आहोत," मुकादम म्हणाले. "तुला आमचं उष्टं चालत नाही, असं सरळ सांग की! उगाच न दिसणाऱ्या किड्यांवर कशाला ढकलतोस?"

मग बाबा माझ्याकडे वळले. घरात शाळा पाहिलेली मी पहिली, म्हणून ते कौतुकाने मला मास्तरीणबाई म्हणतात. "हं, मास्तरीणबाई! तुमच्या पुस्तकात आहे का हो असं काही?"

सगळी भट्टी माझ्याकडे बघत होती. हो म्हटलं असतं, तर कदाचित ऐकलं असतं त्यांनी. पण पुस्तकात नव्हतं. मी आठवून आठवून पाहिलं, खरंच नव्हतं.

"माझ्या पुस्तकात नाही," म्हणाले.

काय हसले सगळे! थंडोबा माझ्यावर रागावला नाही. रागावायला हवा होता.

२४ नोव्हेंबर

त्याने पितळी नळ्यांचे तुकडे कापून, घासून तोट्या केल्या. फुंकायच्या टोकावर आपली तोटी चढवायची, फुंकायचं, काढून खिशात टाकायची. दादाने पहिल्यांदा घेतली. "द्या मला एक, नाहीतर मास्तरीण रडून रडून ओढा वाहवेल." तो घेतो म्हटल्यावर बाकीच्यांनीही गंमत म्हणून घेतल्या.

बाबांनी नाही. "माझं आता काय वेगळं ठेवायचं राहिलंय?"

हे ते हसत म्हणाले. मी आत जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच.

१ डिसेंबर

थंडोबाच्या दारावर कोणीतरी काजळी फासली. आईने ओल्या फडक्याने पुसली आणि मला म्हणाली, "भाडं गेलं चुलीत. त्याला जायला सांग. तुझं ऐकतो तो."

कुठे जाणार तो? थंडी वाढली आहे. भट्टीपासून लांब गेला तर चार दिवसांत गार होऊन पडेल कुठेतरी. हे आईला कसं सांगू?

२ डिसेंबर

मुकादम दारात उभे राहूनच बोलले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. "त्याची तोंडओळख झालेली नाही अजून. रविवारी करू. आपला असेल तर राहील. नसेल तर बघू काय करायचं ते."

तोंडओळख म्हणजे नवा माणूस टोळीत घ्यायची रीत. सगळ्यांसमोर त्याने टोळीच्या नळीतून एक फुगा फुंकायचा — तोटी न लावता. मग मुकादम नळीच्या तोंडावर अंगठा फिरवतात. ओल लागली की तो टोळीचा. त्याची ओल आपल्या नळीत राहिली, आपली त्याच्या पोटात गेली. थंडोबा आल्यापासून काही ना काही काढून हे टाळत आला होता.

३ डिसेंबर

त्याला विचारलं, फुंकता येईल का?

"आत भाता आहे. आतला भाग तापू नये म्हणून. त्याचा वारा तोंडावाटे सोडता येईल, एकदोनदा."

मग झालं तर!

"वारा आहे, ताई. ओल नाही."

६ डिसेंबर

आज तोंडओळख झाली.

नवा माणूस ज्या घरी राहतो, त्या घरातल्या कोणीतरी त्याच्या हातात नळी द्यायची असते. बाबांना खोकला आवरेना, दादा भट्टीशी काच काढत होता. मुकादम म्हणाले, "मग पोरगी देईल. तिचाच लाडका आहे तो!" दोघेतिघे फिदीफिदी हसले.

दादाने काच लावलेली नळी माझ्या हातात दिली. तिथून थंडोबापर्यंत फार तर चार पावलं. मी पाठ फिरवली, पदर सावरल्यासारखं केलं आणि नळीचं तोंड माझ्या तोंडात घेतलं. जीभ फिरवली. लोखंडाची चव. उंच्याकाकांची नळी!

त्याने फुंकली. फुगा अगदी गोल आला. मुकादमांनी अंगठा फिरवला. अंगठ्याकडे बघितलं. पुन्हा फिरवला.

"ओल आहे."

मग नुसता कल्ला. दादाने त्याला मिठी मारली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुकादम त्याच्या पाठीत धपाटे घालत म्हणाले, "अरे लेका, मग इतके दिवस नवरीसारखा लाजत का होतास?"

७ डिसेंबर

मी खोटं बोलले नाही. खोटं केलं. ते जास्त वाईट की कमी?

१० डिसेंबर

तोट्या गेल्या. सगळ्या. फुटक्या काचेच्या ढिगात.

मुकादमांचं म्हणणं असं — थंडोबाने तोटी न लावता नळी तोंडाला लावली, सगळ्यांचं उष्टं घेतलं. झालं का त्याला काही? चांगला घोड्यासारखा उभा आहे! मग ह्या चिमटीएवढ्या पितळी खेळण्यांचं सोंग कशाला?

दादाने आपली तोटी स्वतः फेकली. मी रडले तर म्हणाला, "अगं, तुझाच माणूस पास झाला ना? मग?"

त्याला वाचवायला मी जे केलं, तेच आता दादाच्या गळ्याशी आलं आहे. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला शहाणपण शिकवलं असतं.

१४ डिसेंबर

दादाला ठसका लागला. भात घशात अडकला म्हणाला. ताटात भात नव्हता.

१५ डिसेंबर

बाबा कामावर गेले, पण नुसते बाकावर बसून राहिले. त्यांना नळी धरवत नाही. घरी थांबा म्हटलं तर म्हणाले, "घरी झोपलेला माणूस लवकर मरतो."

१६ डिसेंबर

बाटल्यांभोवती पेंढा गुंडाळायच्या खोलीत मी एकटीच होते. थंडोबा आला.

"मी धडधाकट आहे, हाच त्यांचा पुरावा झालाय. तो मलाच मोडायला हवा."

मी म्हणाले, तुम्ही पळून जा. दुसरी भट्टी शोधा. मी दादाला समजावते, बाबांना समजावते, पुस्तकात आहे म्हणून सांगते! हो, सांगते खोटं!

"आता तुम्ही सांगून ते ऐकणार नाहीत. दादा खोकतोय ना?"

मी पुढची बाटली पुढ्यात ओढली. त्याने पेंढ्याची जुडी उचलली आणि माझ्याबरोबर बाटल्या बांधत बसला. खूप वेळ. हात माझ्यापेक्षा सफाईने चालत होते. मध्येच म्हणाला, "उद्या तुम्ही येऊ नका."

१७ डिसेंबर

गेले. न जाऊन कशी राहणार होते?

दुपारच्या सुट्टीत तो भट्टीसमोर उभा राहिला. सदऱ्याची बटणं काढली. छातीच्या मधोमध नख घातलं आणि छाती उघडली — कपाटाचं दार उघडावं तशी. आत चक्रं होती, मुळांसारख्या तारा होत्या, आणि चामड्याचा नाही पण भात्यासारखाच एक भाता वरखाली होत होता. रक्ताचा टिपूस नाही.

"मला खोकला झाला नाही, कारण तुमच्यासारखी छातीच मला नाही. माझ्याकडे बघून तोट्या टाकू नका. प्रत्येकाची नळी वेगळी ठेवा."

कोणाच्या तरी हातातून डबा पडला. तो गडगडत गेला ते ऐकू येत राहिलं.

मुकादम पुढे आले. त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. म्हणाले, "मग ती ओल कोणाची होती?"

मी म्हणाले, "माझी."

बाबा बाकावरून उठले. मला वाटलं मारतात. ते नुसते माझ्याकडे बघत उभे राहिले. ओळख न पटल्यासारखे.

मग लोखंडी नळ्या उचलल्या गेल्या. थंडोबाने हात वर केले नाहीत. पहिला घाव दादाचा नव्हता. दुसरा होता. खूप वेळ लागला. शेवटी उचलून भट्टीत घातलं. भट्टी क्षणभर हिरवी झाली. एकजण म्हणाला, "तांबं असणार आत."

१८ डिसेंबर

घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. मागची खोली आईने धुवून काढली, दोनदा.

२२ डिसेंबर

आज भट्टीवर नव्या नळ्या आल्या. माणशी एक. मुकादमांनी स्वतः मालकाकडे हट्ट धरून आणवल्या. जुनी नळी वितळवून टाकली.

आईने दादाला विचारलं, हे कशासाठी. म्हणाला, "शी! त्याचं तोंड लागलेल्या नळीला आम्ही सगळ्यांनी तोंडं लावली. आता कोण कोणाचं उष्टं घेईल? मला तर बाबांची नळी बघूनसुद्धा मळमळतं."

बाबा ऐकत होते. त्यांनी आपला पेला उचलला आणि सगळ्यांपासून लांब, कोपऱ्यात नेऊन ठेवला.

थंडोबाला हे माहीत होतं. सुट्टीची वेळ त्याने उगाच निवडली नव्हती. सगळ्यांनी बघावं, सगळ्यांना शिसारी यावी आणि नळ्या वेगळ्या व्हाव्यात, म्हणून.