दादाची हिरवी साडी

सोमवार, पेण

आज पोरीला घेऊन रोह्याला दादाकडे गेले होते, बापाच्या शेतातला हिस्सा त्याच्या नावे सोडायला. आमच्यात बहीण सही करते, भाऊ साडी देतो. हिरवी दिली, चांगली. वाटेत शेतात माणसं मोजणी करत होती. मला वाटलं, सरकारी असतील; पोरगी मात्र त्यांच्याशी बोलत थांबली.

सही करणार तोच माझी पोरगी बोलली. पदवी झाली, आता कायदा आणि फायनान्स एकत्र शिकते. "मामा, शेत कंपनीला किती वर्षं भाड्यानं देताय?"

दादा माझ्यावरच ओरडला, "काय गो, पोरीला हेच शिकवतात?"

"व्हय मामा, हेच."

कंपनी? सख्खा भाऊ, नि मला एका शब्दानं बोलला नाय! तशीच, सही न करता उठले. साडी पिशवीतच राहिली. उद्या परत देते. हिरवी हाय, चांगली हाय. पण साडीच हाय.