उत्तरदाती क्रमांक सात

११ जाने.
सुमन गेल्यावरचं पुण्यानुमोदन झालं. सारा बावडा विहारात. भन्तेजी पाऊण तास बोलले. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान, हे पाच स्कंध. 'वेदना' आली तेव्हा मान वर केली, पण तीही ग्रंथातलीच निघाली. मग पुतण्या अविनाश उठला. पीएच.डी. करतोय. काकूंचं जगणं हा प्रतिरोधाचा अवकाश होता, म्हणाला. शेजारच्या हौसाबाई माझ्याकडं वाकून, "गुरुजी, ह्यो कुणाबद्दल बोलाय लागलाय?"
मलाही तेच...
रडू आलं नाही. खीर दोनदा घेतली.

१४ जाने.
रेखाला गडहिंग्लजच्या एसटीत बसवून आलो. लेक गेली, घर रिकामं. बसल्या बसल्या ध्यानात आलं, सुमनचा आवाज आठवत नाही. चेहरा येतो. अंगणवाडीतनं आल्यावर पायानंच चपला सारायची, ते येतं. चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता चालीसकट येतात, वर्गात छत्तीस वर्षं म्हणवून घेतल्या. तीही भाकरी थापताना म्हणायची, कडवी मागंपुढं करून. चाल येते. आवाज नाही.

१५ जाने.
रेखाचा फोन. "बाबा, अविनाशनं आईचं बोलणं मोबाईलवर घेतलंय की. गेल्या उन्हाळ्यात दोन तास बसलाता."
विसरलोच होतो.

१७ जाने.
शाहूपुरीत अविनाशच्या खोलीवर. आवाज मागितला. त्यानं प्रबंधाची चाळीस पानं हातात दिली. "काका, आधी हे वाचा. काकूच हाय यात."
घरी येऊन वाचलं. सुमन कुठं नाही. तेहतिसाव्या पानावर, उत्तरदाती क्र. ७, वय ६८, निवृत्त अंगणवाडी मदतनीस. "मी कामावर जात असे व त्यातून मला आत्मभान येत असे."
सुमन जन्मात असं बोलली नाही. राग यायला हवा होता. पेन्सिलीनं सातभोवती गोल केला, मास्तरकीच्या सवयीनं. झोपलो.

१९ जाने.
अ.ला फोन.
"काका, तसं देता येत न्हाय. गोपनीयता असती. उत्तरदातीची संमती लागती."
"उत्तरदाती माझी बायको हाय."
"व्हय, पण आता सगळं विद्यापीठातल्या विभागाकडं हाय." मग, "सरांना विचारतो."
संध्याकाळी विहारात. भन्तेजींना सांगितलं, आवाज आठवेना. "आसक्ती आहे, गुरुजी. अनित्यता समजून घ्या." माणूस चांगला. पाण्याचा तांब्या स्वतः आणून दिला. विचारायचं होतं, तुम्हाला तुमच्या आईचा आवाज आठवतो का. नाही विचारलं.

२४ जाने.
अ. आला. मोबाईल पुढ्यात ठेवला. "एका मिनिटाचंच हाय. प्रबंधात घेतलं न्हाय, म्हणून देता येतंय."
आधी त्याचाच आवाज. "काकू, श्रमाच्या लिंगभावी विभागणीकडं तुम्ही कसं बघता?"
नुसता पंखा. मग, "म्हंजे रं काय, बाळा?"
त्यानं तेच पुन्हा, आणखी लांबवून.
"तसलं न्हाय मला कळत. तुझं काका आत च्या कराय लागल्यात. त्येस्नी इचार, साखर घातली का मीठ." हसली. संपलं.
मी पहिल्यांदा ओळखलाच नाही. जाडाभरडा आवाज. मी मनात बारीक, गोड करून ठेवला होता, कवितेतल्या बाईसारखा.
अ. खाली बघत म्हणाला, "तेव्हा वाटलं, यात कायच न्हाय."
"परत लाव," म्हटलं. चारदा लावलं. तरी छातीत काही हललं नाही. तो गेल्यावर दोन कप चहा केला, एकच प्यायलो.

२६ जाने.
बाकीचे दोन तास हवे असतील तर विभागाला अर्ज करायचा. अ.नं कागद आणून दिलाय. नाव, पत्ता, नातं भरलं. 'सामग्री मागण्याचे प्रयोजन', पुढं तीन ओळी. त्यानं वाक्य सुचवलंय. मौखिक इतिहासाचे जतन व संवर्धन. तसं लिहिलं की लवकर मिळतं म्हणे.
दुपारभर कागद पुढ्यात. शेवटी लिहिलं, 'ऐकायचं आहे.'
अ.ला फोन करून वाचून दाखवलं. "काका, असला अर्ज माघारी येतो वो."
अडीच ओळी रिकाम्या आहेत. उद्या तसाच नेऊन देतो.