अठरा नावे, छत्तीस माणसे

दिनांक १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. मुक्काम पाली, तालुका व जिल्हा बीड.

आज सकाळी नळाला पाणी आले. दोन हंडे भरले. पूजा केली. भात टाकला, तो उरला. एकट्यापुरता अंदाज अजून येत नाही. दुपारी दोन वाजता शेजारचे बबनराव आणि तात्याबा साक्षीदार म्हणून सह्या करायला येणार आहेत. त्याआधी हा कागद पुरा करायचा आहे.

मी योगीराज वीरभद्र शेटे, वय सहासष्ट, निवृत्त कारकून, राहणार पाली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर माझेच आहे. मला कोणी हे लिहायला सांगितलेले नाही, कोणाचा धाकही नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. माझी पत्नी दानम्मा या वर्षी सात फेब्रुवारीला वारली. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम पहिले. माझा देह आमच्या रिवाजाप्रमाणे दानम्माच्या शेजारी पुरावा. जंगमस्वामींना बोलवावे. जेवणावळ घालू नये. कचरा शेडवरचा बंकट मुकादम आला तर त्याला बसायला द्यावे, पाणी द्यावे, पण खांदा देऊ देऊ नये. त्याच्याशी माझे भांडण झालेले नाही. व्हायला हवे होते, ते मी कधी केले नाही, म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

कलम दुसरे. उमापूर शिवारातील माझ्या हिश्श्याची एक एकर दहा गुंठे जमीन आणि माझी स्कूटर पुतण्या बसवराज याला द्यावी. बसवराजने दानम्माच्या आजारपणात तीन महिने दवाखान्याच्या खेपा केल्या, हे मी विसरलेलो नाही. जमीन आजोबांची आहे आणि ती घरातच राहावी. राहत्या घराबद्दल मात्र तो रागावेल. त्याने मला तोंडावर विचारलेच आहे, "काका, कोण कुठली ती पोरगी, तिला घर कावून?" त्याचे उत्तर पुढच्या दोन कलमांत आहे. त्याने ते शांतपणे वाचावे.

कलम तिसरे. पालीतील दोन खोल्यांचे राहते घर. उताऱ्यावर माझे एकट्याचे नाव आहे. घर घेतले तेव्हा निम्मी रक्कम दानम्माच्या शिलाईची होती. तिचे नाव लावायचे मला सुचलेही नाही. तशी पद्धत नव्हती, एवढेच सांगू शकतो. शेवटच्या दिवसांत तिने ते एकदाच बोलून दाखवले. "कागदावर माझं नाव कुठंय? असतं तर माझी खोली मी कुणाला दिली असती, ते तुमाला ठावं हाय." मला ठाऊक होते. म्हणून रस्त्याकडची खोली, शिलाई मशीन आणि दानम्माचे सोन्याचे मणी संस्कृती अंगद हिला द्यावेत. ती आता अठरा वर्षांची आहे आणि नेकनूरला तिच्या मावशीकडे राहते. आतली खोली बसवराजची. संस्कृतीने काही घेतले नाही तर तिच्यावर जोर करू नये. तिला नाही म्हणण्याचा हक्क आहे.

कलम चौथे. हे कलम मिळकतीचे नाही, पण माझ्याजवळ द्यायला याहून मोठे काही नाही.

मी बारा वर्षे एका कचरा कंपनीच्या शेडवर कारकून होतो. गावोगावचा सुका कचरा तिथे येई, निवडला जाई आणि प्लास्टिकचे दाबून गठ्ठे करून पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला जात. निवडणारी माणसे बंकट मुकादम आणायचा. ऊसतोडीला देतात तशीच आगाऊ पैशांची उचल देऊन आणायचा, आणि ती फिटेपर्यंत त्यांनी शेडवरच राहायचे. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. शेडवर कोयत्याचे काहीच काम नव्हते, तरी जोडीला आम्ही कोयताच म्हणायचो. एक कोयता, मस्टरवर एक नाव, आणि ते नवऱ्याचे. त्या वर्षी अठरा कोयते होते. म्हणजे मस्टरवर अठरा पुरुष आणि शेडमध्ये छत्तीस माणसे.

पुण्याहून दरवर्षी एक छापील तक्ता येई. कोणाला बळजबरीने राबवले जाते का, ओळखपत्रे कामगारांजवळच असतात का, वाटेल तेव्हा काम सोडून जाता येते का, असे एकवीस प्रश्न. तो मी भरायचो. एकूण कामगार अठरा. स्त्रिया निरंक. ओळखपत्रे कामगारांजवळ, होय. हे लिहिताना सगळ्यांच्या आधार कार्डांचा गठ्ठा माझ्याच कपाटात असायचा आणि किल्ली माझ्या खिशात. कार्डे हरवू नयेत म्हणून मुकादमाने ठेवायला दिली आहेत, अशी मी माझी समजूत घातली होती. अठरा हा आकडा तर मला कधी खोटा वाटलाच नाही. कोयते अठराच होते. कोणी मला विचारले असते की माणसे किती, तरी मी अठराच म्हणालो असतो.

हातमोजे मस्टरवरच्या नावाप्रमाणे येत. अठरा जोड. जोडातला एक नवरा घालायचा आणि दुसरा बायको. कचऱ्यात सुया असत, काचा असत. मी हे रोज पाहिले आहे.

अंगदची बायको छबुबाई, म्हणजे संस्कृतीची आई. बोलायला मोकळी. मला चष्म्यावरून चिडवायची, म्हणायची की साहेबांना आकडे दिसत्यात, माणसं दिसत न्हाईत. सगळ्या हसायच्या. मीही हसायचो. बुधवार, ७ डिसेंबर २०१६ रोजी तिच्या मोकळ्या हाताला काच लागली. शुक्रवारी दुपारी ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. हात कोपरापर्यंत सुजला होता आणि पदराने बांधला होता.

"साहेब, चिठ्ठी द्या. बीडच्या दवाखान्यात जाऊन येते. हात लई ठणकायलाय."

गेटच्या बाहेर जायला पास लागे आणि पास मस्टरवरच्या माणसालाच द्यायचा असा मॅनेजरचा हुकूम होता. कोयता पळून जाऊ नये म्हणून तो होता. मी तिला म्हणालो की तुझे नाव मस्टरवर नाही, पास कोणाच्या नावाने फाडू? अंगदच्या नावाने फाडला तर अंगद आत कसा? सोमवारी बंकट येईल, त्याला विचार.

ती म्हणाली, "मग माझं नाव लिवा की. हाय न्हवं मी?"

मी म्हणालो, असे मध्येच लिहिता येत नाही. ती गेली. संध्याकाळी गेटवर वॉचमन तात्याबाकडे जाऊन आली, त्यानेही पास मागितला. रविवारी सकाळी तिला टेम्पोत घातले तेव्हा तिला शुद्ध नव्हती. त्या दिवशी पास कोणी विचारला नाही. वाटेत ती गेली.

पंधरा दिवसांनी चौकशीला एक अधिकारी आले. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, ही बाई तुमच्याकडे कामाला होती का? मॅनेजर शेजारी बसले होते. मी मस्टर उघडून पुढे ठेवले आणि म्हणालो, मस्टरवर नाही, नवऱ्याला भेटायला आली असावी. तेच त्यांनी लिहून घेतले. अंगदला भरपाई मिळाली नाही. त्याची उचल मात्र बंकटने पुढच्या हंगामापर्यंत त्याच्या कामातून वळती करून घेतली.

म्हणून मी शपथेवर लिहितो. छबुबाई अंगद ही त्या शेडवर दोन हंगाम, रोज सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, कामाला होती. तिला कामावर असतानाच जखम झाली. तिने बाहेर जाण्यासाठी पास मागितला आणि तो मी दिला नाही. चौकशीत मी खोटे बोललो. गेटपासांच्या बुकाची स्थळप्रत आणि बायकांची नावे असलेली माझी रेशन वाटपाची वही माझ्या लोखंडी पेटीत आहे. त्या वहीत तिचे नाव चौसष्ट वेळा आले आहे. निवृत्त होताना मला मिळालेली चौकटही त्यांच्यासोबत ठेवावी. पुण्याच्या कंपनीने आमच्या शेडला दिलेले, कामगारांची काळजी घेतल्याबद्दलचे ते प्रशस्तिपत्र आहे. त्यावरची तारीख एप्रिल २०१७ ची आहे. ते जाळू नये, पुरावा म्हणून लागेल.

छबुबाई गेली त्या रविवारी रात्री जेवताना मी हे दानम्माला सांगितले. तिने विचारले, "एक चिठ्ठी लिवायला कितीक वेळ लागला असता हो?" त्यानंतर तिने मला कामावरचे काही विचारले नाही. महिनाभर मात्र ती दुपारभर मशीनवर बसलेली असे. मग एक पिशवी माझ्या हातात दिली. जुन्या जाड पॅंटींचे शिवलेले हातमोजे होते, सतरा जोड, उरलेल्या बायकांपुरते. मी ते नेऊन बायकांना वाटले. कोणी शिवले ते सांगितले नाही. सांगायला हवे होते, एवढे तरी तिच्या नावावर लागले असते.

गेल्या गुरुवारी मी नेकनूरला जाऊन संस्कृतीला भेटलो. दारातच बोलणे झाले. खोलीचे सांगितले. ती म्हणाली, "खोली नगं मला. माजी आई तिथं कामाला हुती, एवढं लिवून द्या. लोक म्हणत्यात ती उगंच माज्या बापाच्या मागं गेलती आन् मेली." एवढे बोलून ती आत गेली. मावशीने चहा विचारला. मी घेतला नाही.

कलम पाचवे. बँकेतील ठेवीतून माझा अंत्यविधी करावा. उरेल त्यातून संस्कृतीला, तिची इच्छा असल्यास, चौथ्या कलमावरून दाद मागण्यासाठी वकिलाचा खर्च द्यावा. मॅनेजरसाहेब आता कोठे असतात ते मला माहीत नाही. त्यांच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. हुकूम त्यांचा होता, पेन माझे होते.

कलम सहावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारी बबनराव यांनी करावी. ते पोस्टात होते. कागद ज्याचा त्याला पोचवणे त्यांना जमते.

वरील सर्व मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली. त्यांनीही माझ्यादेखत सह्या केल्या.

सही: योगीराज वीरभद्र शेटे

साक्षीदार १: बबनराव, निवृत्त पोस्टमन, रा. पाली
साक्षीदार २: तात्याबा, निवृत्त वॉचमन, रा. पाली

ठिकाण: पाली, जि. बीड. दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

यापुढचा मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही. नोंद राहावी म्हणून लिहितो.

सहीच्या वेळी बबनरावांनी तात्याबाला विचारले, सही करणार की अंगठा. तो म्हणाला की गेटच्या बुकात जन्मभर दुसरे काय केले, सहीच केली. चौथे कलम मी वाचत होतो तेव्हा तो खाली बघत होता. त्यात त्याचेही नाव आहे. खोडू का, असे मी विचारले. तो नको म्हणाला. सही करून पेन परत देताना म्हणाला, "साहेब, हे तुमी मेल्यावर वाचणार ना? तवर त्या पोरीनं काय करायचं?"

बबनराव त्याला गप्प बस म्हणाले. पण त्याचे खरे होते. मृत्युपत्र करायचे ठरवले तेव्हा मला हलके वाटले होते. ते का वाटले, हे तो बोलला तेव्हा मला कळले. मी असेपर्यंत मला कोणी काही विचारणार नव्हते.

दोघे तीन वाजता गेले. मी चौथे कलम कोऱ्या कागदावर पुन्हा उतरवले. मृत्यूनंतर हा शब्द त्यात येऊ दिला नाही. खाली सही केली, आजची तारीख घातली. वही आणि गेटपासांचे बुक पेटीतून काढून पिशवीत ठेवले. नेकनूरची बस पाच वाजता आहे. गॅसचा कॉक बंद केला. मागच्या दाराची कडी लावली. आता चपला घालतो.