पहिल्या नंबरवर येणारच

३ जून, सकाळी ८
ठरलं. आजपासून आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या वेबसाइटची महत्त्वाची पानं सुधारायची. आमच्या बेटावर अजून बायका ‘खोल्या आहेत’ लिहिलेला पुठ्ठा घेऊन धक्क्यावर बोटीची वाट बघतात. त्यात माझी बायको नेवेंकाही. ती म्हणे, उन्हात उभं राहून माझे गुडघे गेलेत. संत पीटरच्या सणापर्यंत, एकोणतीसपर्यंत, तुझ्या वेबसाइटवरून एक जरी पाहुणा आला तर ठीक. नाहीतर घर भाड्याने लावायला एजन्सीकडे, आणि तुझं ऑफिससुद्धा त्यातच.
माझं ऑफिस! बघतोच.

५ जून
पहिलं पान तयार. गूगलला शब्द लागतात. ‘समुद्र’ एकेचाळीस वेळा घातला. शेजारच्या फ्रानेला वाचून दाखवलं. तो म्हणे, ल्यूबो, तुझ्या खोलीत पाणी शिरलंय का रे?
जळतो मेला. त्याची वेबसाइट चार ओळींची. खोल्या भरलेल्या आहेत, पण ते नशीब.

९ जून
‘आमच्याविषयी’ लिहायला घेतलं. वाचकाला माणूस कळला पाहिजे. पणजोबांपासून सुरुवात. नेवेंकाने चादरी वाळत घालायला हाक मारली. सांगितलं, मजकूर चाललाय.

१४ जून
अठराशे शब्द. पणजोबा अजून जहाजातून उतरलेले नाहीत.

१६ जून, दुपार
किती लोक साइट बघतात ते कळायला लागलं. काल त्रेपन्न! सगळे आपल्याच बेटावरून. कुणीतरी ‘आमच्याविषयी’ दिवसातून वीसवीसदा उघडतंय. फ्राने चोरून शिकत असणार. किंवा पोस्टातली दानिरा. परवा दोनदा हसली.
केस कापून आलो.

२० जून
गूगलवर मी पहिला! निदान माझ्या कॉम्प्युटरवर. फ्रानेच्या फोनवर सापडत नाही. जुना फोन, काय करणार.
नेवेंकाने धक्क्यावरून एक झेक जोडपं आणलं. विचारलं, वेबसाइट आवडली का? म्हणे, कुठली वेबसाइट?
भाषेची अडचण.

२५ जून
सारखे आकडे बघण्यात दिवस जातो. संकल्प: तीन दिवस साइट उघडायचीच नाही. गर्दी वाढू दे.

२८ जून, संध्याकाळ
तीन दिवसांत वाचक: एक.
बाकीचे कुठे गेले? फ्राने मासेमारीला गेला असेल. दानिरा रजेवर असेल. पण हा एक वाचक बावीस मिनिटं थांबला! शेवटपर्यंत वाचलं! ओरडतच नेवेंकाकडे गेलो. ती इस्त्री करत होती. म्हणे, मीच ती. बोटीला उशीर होता, पायरीवर बसून वाचलं. पणजोबा छान आहेत. माझं नाव कुठे येतं ते शोधत होते. आलं नाही.
मग म्हणे, फोन नंबरही आला नाही.
आज जेवण गेलं नाही. सार्डिन मासे तसेच राहिले.

२९ जून
सकाळी सहालाच उठून पानावर सगळ्यात वर नेवेंकाचं नाव घातलं. खाली आमचा नंबर.
साडेदहाला फोन वाजला! धावत जाऊन उचलला. एजन्सीची बाई, घर बघायला आलेली. धक्क्यावर उतरलीय, नंबर वेबसाइटवर मिळाला म्हणे. पान फार छान आहे, पण घर कुठे आहे ते लिहिलेलं नाही.
म्हणजे वेबसाइटवरून एक माणूस आलाच की! नेवेंकाला तसं सांगितलं. ती कॉफी टाकत म्हणाली, हो रे बाबा, आला. जा, तिला घेऊन ये, आणि आल्यावर तुझं टेबल तळघरात हलव.